हलगी (कोल्हापूर)

हलगी : एका बाजूने कातडे मढवलेले गोल कड्याचे चर्मवाद्य. महाराष्ट्रात ते सर्वदूर वाजते; कोल्हापुरात मात्र कुस्ती, मर्दानी खेळ आणि जोतिबाची यात्रा यांचे हलगीवाचून पानही हलत नाही. तमिळनाडूची परई, आंध्र-तेलंगणाचा डप्पू ही याच कुळातली वाद्ये. शाहिराचा डफ आकाराने मोठा असतो आणि बोटांनी वाजतो. हलगी काड्यांनी वाजते.

कडे लाकडाचे किंवा लोखंडी, त्यावर बकऱ्याचे कातडे. हलगी डाव्या खांद्याला अडकवतात. डाव्या हातातली लांब, बारीक काडी कड्याला टेकून थरथरत राहते, तर उजव्या हातातले आखूड टिपरू मुख्य घाव घालते. हवेत ओल असली की कातडे सैल पडते आणि आवाज बसतो. म्हणून वादक काटक्या, कागद पेटवून त्यावर हलगी शेकतात, मधूनमधून टिचकी मारून आवाज पाहतात आणि तो खणखणीत निघाला की मगच उभे राहतात. आता फायबरचे पानही बसवतात. त्याला शेक लागत नाही, पण कातड्याचा भरदार नाद त्यात नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) कुस्तीला राजाश्रय दिला, तालमी पोसल्या आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान खुले केले. मधल्या आखाड्याभोवती उतरती बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेलाही कुस्ती स्वच्छ दिसते. जोड लागली की हलगी आणि तिच्या साथीची घुमके, कैताळ ही वाद्ये सुरू होतात. पकड बसेल तशी लय चढते, चितपट होताच कडकडाट होतो. लाठी आणि दांडपट्ट्याचे हातही याच ठेक्यावर फिरतात. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचतात, त्या हलगी-पिपाणीच्या तालावर.

हलगी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली ती मुख्यतः मातंग आणि अन्य दलित समाजांनी. गावात दवंडी त्यांनीच पिटायची, वरातीपुढेही त्यांनीच चालायचे. मान मात्र बैठकीबाहेरचा. कोल्हापूर संस्थानच्या कुस्तीपरंपरेवर लिहिताना मल्लांची आणि आश्रयदात्यांची नावे आवर्जून येतात, हलगीवाल्यांची येत नाहीत. ही उणीव मोठी आहे. हे कसब कागदावर फारसे उतरलेले नाही; बापाच्या शेजारी उभे राहून, ऐकून ते मुलाच्या हाती येते. त्यामुळे आज वाजवणाऱ्या जुन्या वादकांची नावे, त्यांचे ठेके आणि त्यांच्या आठवणी कोल्हापूरकरांनी आताच नोंदवून ठेवाव्यात.