कुवेतमधील वकिलात

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी फौजांनी कुवेत व्यापले, तेव्हा तेथील सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना, ज्यांच्यापैकी अनेकांची पारपत्रे मालकांच्याच ताब्यात होती, वकिलातीखेरीज दुसरा आधार दिसेना. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल यांनी बगदादेत सद्दाम हुसेन यांना दिलेल्या आलिंगनावर पुढे पुष्कळ टीका झाली. परंतु त्याच भेटीने परतीची वाट सुकर झाली असता ती टीका मला अन्यायकारक वाटते. वाळवंट तुडवून अम्मानला पोहोचलेल्या लक्षावधी लोकांना एअर इंडियाने 488 उड्डाणांतून मुंबईस आणले. तथापि कुवेतमध्ये शिधा, निवारा आणि बसगाड्यांची तजवीज केली ती मुख्यतः तेथील भारतीय रहिवाशांनी, स्वतःच समित्या स्थापून; सरकारी दफ्तराहून अधिक ऋण त्यांचे आहे.