पांढरीची उंची

मराठी गावाच्या जमिनीचे रंग दोनच: पिकते ती काळी, वसते ती पांढरी. बीदरकडे मांजरेकाठी जा की कलबुर्गीकडे भीमेकाठी, जुनी पांढरी बहुधा शिवाराहून उंच आढळते. ती कोणा राजाने रचलेली नव्हे. पडलेल्या भिंतींची माती, चुलीतील राख आणि गोठ्यातील शेण यांचे थर पिढ्यान् पिढ्या साचून ती वर चढली. तिच्या उंचीत गुरांचाही वाटा आहे, आणि नदी फुगली की त्या उंचीचा आसरा त्यांनाही मिळे.

मुद्दाम बांध घालण्याची विद्याही या खोऱ्यात जुनीच. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांनी पुराचे पाणी वळविण्यासाठी दगडमातीचा बांध घातला होता व पाट खणला होता. तेथे मिळालेल्या हाडांत गुरांची हाडे विपुल आहेत. गोधन हेच ज्यांचे धन, त्यांनी तो बांध केवळ स्वतःच्या झोपड्यांसाठी घातला, हे आम्हास पटत नाही.

गाणगापूरचा भीमा-अमरजा संगम आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच भीमेने अफझलपूर, जेवर्गी भागातील गावे वेढली आणि हजारो माणसांना निवारा केंद्रांत हलवावे लागले. माणूस नावेत बसतो. म्हैस बसत नाही. मग घरातील एखादा कर्ता मनुष्य दावणीपाशी मागे राहतो, आणि जिवावर बेतते ते त्याच्या.

पूर्व बंगालने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. १२ नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळात तेथे लाखो माणसे दगावली, गुरांची तर गणतीच नाही. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर किनाऱ्यावर गुरांसाठी मातीची उंच टेकाडे उभारण्यात आली. लोक त्यांना ‘मुजीब किल्ला’ म्हणतात. या किल्ल्याला ना बुरूज, ना दरवाजा. वर चढता येईल असा उतार तेवढा हवा.

आमच्याकडे मात्र पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात जाते. वास्तविक, कर्नाटकाच्या १९६४ च्या जमीन महसूल कायद्याचे कलम ७१ गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवण्यास मुभा देते, आणि अन्य सार्वजनिक कामासाठीही देते. पुरात गुरे उभी राहतील एवढे टेकाड त्या शब्दांत खचित बसते. त्यासाठी नवा कायदा नको. जिल्हाधिकाऱ्यांकडे ग्रामपंचायतीचा एक अर्ज पुरे.