श्वास पाहायचा की नाडी? हैदराबादच्या क्लोरोफॉर्म कमिशनची गोष्ट

छावणीत मी खोली करून राहतो त्या गल्लीत गेल्या हिवाळ्यात एक काका दूध आणायला निघाले आणि ओट्यासमोरच कोसळले. आम्ही चार-पाच जण धावलो. कुणीतरी नाकाशी हात धरून म्हणालं, "श्वास चालू आहे!" खरंच, मधूनमधून घोरल्यासारखा आवाज येत होता. मग आम्ही पाणी शिंपडलं, कांदा हुंगवला, रिक्षा शोधली. छातीवर दाब कुणीच दिला नाही. नंतर डॉक्टर म्हणाले, तो श्वास नव्हता, ते आचके होते. हृदय आधीच थांबलं होतं.

मी विज्ञानाचा पदव्युत्तर, पीएचडी करणारा माणूस. मला हे माहीत नव्हतं. म्हणून वाचायला लागलो, आणि वाचता वाचता पोचलो ते थेट निजामाच्या हैदराबादेत. 'श्वासाकडे पाहा, हृदयाची काळजी नको' असा निष्कर्ष तिथं एकदा सरकारी खर्चानं, शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून काढला गेला होता. तेव्हा आपलं औरंगाबादही त्याच राज्यात होतं, आणि या छावणीत हैदराबाद कंटिंजंटची फौज असायची.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म भूल म्हणून वापरायला सुरुवात केली. जानेवारी १८४८ मध्ये इंग्लंडात हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचं नख काढताना क्लोरोफॉर्म देताच काही मिनिटांत गेली. असे मृत्यू पुढेही होत राहिले. विचित्र गोष्ट ही, की त्यातले बरेच रुग्ण ठणठणीत असायचे, शस्त्रक्रिया किरकोळ असायची आणि मृत्यू बहुधा भुलीच्या सुरुवातीलाच यायचा.

यावर दोन तट पडले. लंडनचे डॉक्टर म्हणत, हृदय थांबतं, नाडीवर बोट ठेवा. एडिंबरोचे म्हणत, आधी श्वास थांबतो, श्वास सांभाळा. हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या जेम्स साइम यांचे शिष्य. हैदराबाद मेडिकल स्कूलची सूत्रंही त्यांच्याच हाती होती. आपल्या हातून हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म सुखरूप दिला गेलाय, याचा त्यांना सार्थ अभिमान होता. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या मदतीनं त्यांनी १८८८ मध्ये पहिलं कमिशन भरवलं. निष्कर्ष: कुत्र्यांमध्ये श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो.

'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय साप्ताहिकाला हे पटलं नाही. तेव्हा निजामानं १००० पौंड देऊ केले: तुमचा माणूस पाठवा, त्याच्यासमोर प्रयोग करू. 'लॅन्सेट'नं थॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. अंजायनाच्या दुखण्यावर अमिल नायट्राइट पहिल्यांदा वापरणारे ते हेच. १८८९ च्या अखेरीस दुसरं कमिशन बसलं. कुत्री, माकडं, घोडे, बकऱ्या, मांजरं, ससे अशा शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. उत्तर पुन्हा तेच आलं. ब्रंटन शंका घेऊन आले होते, तेही वळले.

आता जरा थांबून विचार करा. एवढे प्राणी, बाहेरचा निरीक्षक, पुनरावृत्ती: पद्धत वरवर पाहता चोख होती. मग चुकलं कुठं?

कमिशननं प्राण्यांना मुख्यतः क्लोरोफॉर्मचा मोठा डोस दिला. खोल भुलीत श्वास आधी थांबतो, हे खरंच आहे. पण हॅनासारखे रुग्ण खोल भुलीत गेले नव्हते. ते अर्धवट भुलीत होते, घाबरलेले होते. त्या परिस्थितीची नीट चाचणीच झाली नाही.

गंमत बघा, १८८९ मध्येच अ‍ॅबरडीनच्या जॉन मॅकविल्यम यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं होतं, की माणसाच्या अचानक मृत्यूमागे हृदयाच्या खालच्या कप्प्यांची थरथर असावी. स्नायू एका तालात आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात, आणि रक्त पुढे ढकललं जात नाही. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं, की हलक्या क्लोरोफॉर्ममध्ये थोडं अ‍ॅड्रेनॅलिन टोचलं तरी हीच थरथर सुरू होते आणि हृदय बंद पडतं. घाबरल्यावर तर शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं. हॅनाच्या मृत्यूचं एक पटण्याजोगं स्पष्टीकरण त्यातून मिळालं.

कारण कळलं तसा उपायही सापडत गेला. १९४७ मध्ये क्लीव्हलंडला क्लॉड बेक यांनी चौदा वर्षांच्या मुलाचं थरथरतं हृदय विजेच्या झटक्यानं ताळ्यावर आणलं. १९६० मध्ये काउवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवलं, की छाती न उघडता बाहेरून दाब देऊनही रक्त फिरतं ठेवता येतं.

लॉरींवर हसणं सोपं आहे. पण श्वासाकडे लक्ष देण्याच्या त्यांच्या शिस्तीनं कित्येक जण वाचले असतील, हेही खरं. त्यांची खरी अडचण म्हणजे उत्तर आधीच ठरलेलं होतं, आणि प्रयोग त्या उत्तराला सोयीचा निवडला गेला. तुम्ही उद्या संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा हे आठवा. नमुना कितीही वाढवला, तरी परिस्थिती एकच असेल तर पुरावा वाढत नाही. गाईडनं "एन वाढव" म्हटलं की आधी स्वतःला विचारा: मला जी घटना समजून घ्यायचीय, ती माझ्या प्रयोगात घडू तरी शकते का?

आणि दुसरं, प्रयोगशाळेबाहेरचं. कुणी कोसळलं, हाक मारून हलवून प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येतायत, तर वाट पाहू नका. एकाला १०८ ला फोन करायला लावा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबा, पाचेक सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, मदत येईपर्यंत. जवळपास झटका देणारं एईडी यंत्र असेल तर तेही मागवा.

मी आता हे शिकून घेतलंय. त्या दिवशी काकांपाशी पाच जण उभे होतो, आणि दहाही हात रिकामे होते.