पाय निकामी झालेल्या सैनिकाचे निवृत्तिवेतन कसे ठरते?

सेवेत असताना दोन्ही पायांचे बळ गमावलेल्या सैनिकाचे निवृत्तिवेतन केवळ इजेच्या तीव्रतेवर ठरत नाही. इजा कोणत्या परिस्थितीत झाली, हा प्रश्न तितकाच निर्णायक असतो. त्यामुळे सारखीच शारीरिक अवस्था असलेल्या दोन जवानांच्या निवृत्तिवेतनात मोठी तफावत पडू शकते.

अपंगत्वामुळे सेवामुक्त केलेल्या जवानाच्या निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. सेवा घटक अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के असतो. सातव्या वेतन आयोगानंतर १०० टक्के अपंगत्वासाठी अपंगत्व घटक वेतनाच्या ३० टक्के ठरला आहे. इजा युद्धात झाली असल्यास मात्र त्याऐवजी पूर्ण वेतनाइतका युद्धजखम घटक दिला जातो. अखेरचे वेतन ४०,००० रुपये असल्यास पहिल्या जवानास अपंगत्वापोटी १२,००० रुपये, तर दुसऱ्यास ४०,००० रुपये मिळतात. इजेचा सेवेशी संबंध नाही असे ठरल्यास हा घटक मिळतच नाही.

अपंगत्वाची टक्केवारी आणि सेवेशी असलेला संबंध यांबाबत वैद्यकीय मंडळ मत देते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर सैनिक तेव्हा निरोगी होता असे गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह खटल्यात स्पष्ट केले. दावा फेटाळला गेल्यास विभागीय अपील आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण हे मार्ग खुले असतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे पात्रता नियम लागू झाले असून त्यापूर्वी सेवामुक्त झालेल्यांच्या दाव्यांना जुने नियम लागू राहतात.

१०० टक्के अपंगत्व असलेल्या आणि सतत दुसऱ्याच्या मदतीची गरज असलेल्या निवृत्तांना परिचर भत्ताही मिळतो. १ जुलै २०१७ पासून तो दरमहा ४,५०० रुपयांवरून ६,७५० रुपये करण्यात आला. महागाई भत्त्यात ५० टक्के वाढ झाली की तो २५ टक्क्यांनी वाढतो.

ज्यांना घरी राहून शुश्रूषा मिळणे कठीण असते, अशा कमरेखाली लुळे झालेल्या माजी सैनिकांसाठी पुण्याजवळील खडकी आणि पंजाबातील मोहाली येथे पुनर्वसन केंद्रे आहेत.

या साऱ्या प्रक्रियेत इजा अहवाल आणि चौकशी मंडळाचे निष्कर्ष यांना विशेष महत्त्व आहे. घटनेचे ठिकाण, वेळ आणि त्या वेळचे कर्तव्य यांची नोंद तेव्हाच अचूक झाली नाही, तर अनेक वर्षांनंतर दावा सिद्ध करण्याचा भार जखमी सैनिकावर आणि त्याच्या कुटुंबावर येऊन पडतो.