मांडवीतले ग्रंथालय आणि आपला तिसरा हिस्सा

बडोद्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, सयाजीराव महाराजांनी या शहराला काय दिले? उत्तर लगेच मिळते. लक्ष्मीविलास पॅलेस, न्यायमंदिर, कलाभवन, सयाजीबाग, आजव्याचे पाणी. पाहुणे आले की आपण त्यांना हेच दाखवतो. या यादीत एक नाव मात्र सहसा येत नाही, ते म्हणजे मांडवीजवळच्या बँक रोडवरचे मध्यवर्ती ग्रंथालय, म्हणजे सेंट्रल लायब्ररी. खरे तर महाराजांच्या सगळ्या कामांपैकी ज्या कामाची दखल त्या काळी देशभर आणि परदेशातही घेतली गेली, त्यात या ग्रंथालयाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीचा क्रमांक फार वरचा आहे.

आपल्या समा भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बऱ्याच जणांचे मूळ घर जुन्या शहरात, दांडिया बाजार, रावपुरा अशा वस्तीत होते. पुढे कुटुंबे वाढली, सोसायट्या झाल्या आणि आपण इकडे आलो. ग्रंथालय तिथेच राहिले. समा-सावली रोडवरून निघून फतेगंज, काळा घोडा, रावपुरा, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा आणि मग मांडवी, एवढेच अंतर आहे. पण ते अंतर आता फक्त किलोमीटरचे राहिलेले नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत या ग्रंथालयाची गोष्ट सांगावी असे वाटले.

शाळेनंतर काय?

ही गोष्ट सुरू होते शाळेपासून. सयाजीराव महाराजांचा जन्म १८६३ चा, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा. १८७५ मध्ये ते बडोद्याच्या गादीवर दत्तक आले, १८८१ च्या डिसेंबरात पूर्ण अधिकार मिळाले. स्वतः बारा वर्षांचे होईपर्यंत ज्यांना फारसे लिहिता-वाचता येत नव्हते, त्या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. त्या काळी ब्रिटिश हिंदुस्थानातही असा कायदा नव्हता.

पण सक्तीच्या शिक्षणातून एक नवा प्रश्न उभा राहिला. शेतकऱ्याचा मुलगा चार इयत्ता शिकतो, शाळा सुटते, तो शेतावर जातो. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही. पाच-सहा वर्षांत तो अक्षरे विसरतो. मग शाळेवर केलेला खर्च गेला कुठे? सरकारी कामकाज जवळून पाहणाऱ्या माणसाला या प्रश्नाचे महत्त्व चटकन कळते. योजना सुरू करणे सोपे असते, तिचा उपयोग टिकवणे अवघड असते. महाराजांनी या प्रश्नाचे उत्तर शोधले ते ग्रंथालयात.

१९०६ मध्ये आणि पुन्हा १९१० मध्ये महाराज अमेरिकेला गेले. तिथल्या शहरोशहरीची सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीच्या देणगीतून तिथे शेकडो ग्रंथालये उभी राहत होती. कार्नेगीची अट अशी होती की इमारत मी देतो, पण ती चालवण्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम खर्च करण्याचे वचन गावाने द्यायचे. बडोद्यात पुढे जी पद्धत आली तिच्यातही असेच एक तत्त्व होते, ते पुढे सांगतो.

अमेरिकेतून आलेला ग्रंथपाल

न्यू हेवन या गावातल्या यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डन यांना महाराजांनी बडोद्याला बोलावले. मेल्विल ड्युई आणि चार्ल्स कटर या ग्रंथालयशास्त्रातल्या दोन मोठ्या माणसांबरोबर बॉर्डन यांनी काम केले होते. १९१० मध्ये ते आले आणि १९१३ मध्ये परत गेले. तीनच वर्षे, पण त्या तीन वर्षांत त्यांनी जे बसवून दिले ते पुढे कितीतरी वर्षे चालले.

ग्रंथालयांसाठी राज्याचे स्वतंत्र खाते निघाले. महाराजांनी आपल्या राजवाड्यातली सुमारे २०,००० पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. पुस्तके कशी लावायची यासाठी बॉर्डन यांनी ड्युई आणि कटर या दोघांच्या पद्धतींचा मेळ घालून बडोद्याची स्वतःची वर्गीकरण पद्धत तयार केली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातला हा असा पहिला वर्ग. लाहोरचा प्रसिद्ध वर्ग त्यानंतर, १९१५ मध्ये सुरू झाला. १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयांना वाहिलेले नियतकालिक निघाले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी मजकूरही असे. ग्रंथालय कसे चालवावे यावर मराठीत लिहिलेला मजकूर शंभर वर्षांपूर्वी बडोद्यातून छापून निघत होता, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जरूर सांगावी.

बॉर्डन गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम सांभाळले. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले. अमेरिकन, मराठी, बंगाली आणि गुजराती माणसांनी मिळून एक खाते चालवले, असे त्या काळचे बडोदे होते.

गावोगाव जाणारी पेटी

शहरात मोठे ग्रंथालय उभारणे हे काम पैशाने होते. खेड्यात वाचक तयार करण्यासाठी माणूस लागतो. तो माणूस म्हणजे मोतीभाई अमीन. हे चरोतर भागातले शिक्षक. सरकारी खाते निघण्याआधीच, १९०६ पासून, त्यांनी ‘मित्रमंडळ’ योजनेतून खेड्यापाड्यांत वाचनालये सुरू करायला घेतली होती. बॉर्डन यांच्या काळात खेड्यांतल्या ग्रंथालयांचा विभाग त्यांच्याकडे आला. गुजरातच्या ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. सयाजीराव महाराज आणि मोतीभाई दोघेही १९३९ मध्येच गेले.

खेड्यांसाठी पैशाची व्यवस्था अशी होती. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी पन्नास रुपये जमवले की पन्नास रुपये प्रांत पंचायत द्यायची आणि पन्नास रुपये सरकार. इमारत बांधायची झाली तरी खर्चाचे तेच तीन वाटे. म्हणजे एक हिस्सा लोकांचा, एक स्थानिक संस्थेचा, एक राज्याचा. यातली खुबी अशी की गावाने हात हलवल्याशिवाय सरकारचा पैसा हलत नसे. आणि गावाने स्वतःचे पैसे घातलेले असल्यामुळे ते ग्रंथालय ‘सरकारी’ न वाटता ‘आपले’ वाटे. शेकडो गावांत अशी ग्रंथालये निघाली. सुमारे वीस लाख लोकवस्तीच्या संस्थानात हे घडले, हे लक्षात घेतले पाहिजे.

ज्या गावात तेवढेही जमत नसे तिथे फिरते ग्रंथालय जाई. मजबूत लाकडी पेटी, तिच्यात वीसएक पुस्तके. पेटी रेल्वेने जायची आणि भाडे राज्य भरायचे. वाचकाकडून एक पैसा नाही. गावातल्या चार लोकांनी मागणी केली की पेटी यायची, वाचून झाली की परत जायची आणि दुसरी यायची. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न आणि सिनेमाचे खेळ दाखवणारी वेगळी शाखा होती. मध्यवर्ती ग्रंथालयात बायकांसाठी वेगळा विभाग होता आणि मुलांसाठी खेळ व चित्रांच्या पुस्तकांची खोली. मुलांनी आधी खेळायला यावे, मग हळूच पुस्तकाकडे वळावे, असा हिशोब.

काचेची जमीन

मंडळाच्या प्रश्नमंजूषेसाठी महाराजांवरचे प्रश्न काढायचे काम एका वर्षी माझ्याकडे आले, त्या निमित्ताने माझे या ग्रंथालयात जाणे सुरू झाले. तेव्हापासून शहरात कामाला गेलो की तासभर तिथे काढतो.

बाहेर मांडवीचा बाजार, रिक्षांचे हॉर्न, दुकानदारांची गडबड. आत शिरले की आवाज मागे पडतो. या ग्रंथालयात पाहण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे पुस्तकांचा भाग. लोखंडी कपाटांच्या रांगा एकावर एक मजल्यांनी उभ्या आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे. वरच्या मजल्यावर कुणी चालले की खालून त्याची सावली सरकताना दिसते. त्या काळी अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांत हीच पद्धत होती. कारण साधे आहे. काचेतून वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो, म्हणून दिवे कमी लागतात. लाकूड कमी असल्यामुळे आगीची भीतीही कमी. यंत्रकामाची आवड असलेल्या कुणीही ही रचना एकदा उभे राहून बघावी.

वाचनकक्षात बहुतेक मुले स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी असतात. सकाळी वर्तमानपत्रे वाचायला येणारे काही ज्येष्ठ नागरिक असतात. मराठी कपाटांपाशी मात्र सहसा गर्दी नसते. एकदा एक जुनी मराठी कादंबरी घरी आणली. शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर माझ्या आधीचा शिक्का कितीतरी वर्षांपूर्वीचा होता. पुस्तक चांगल्या स्थितीत होते. कुणीतरी ते इतकी वर्षे पुसून, सांभाळून ठेवले होते. मागणारेच कुणी आले नव्हते.

मराठीचे कपाट

बडोद्याने मराठीला काय दिले याची यादी मोठी आहे. महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा ठेवला आणि त्याच्या व्याजातून ‘श्रीसयाजी साहित्यमाला’ व मुलांसाठी ‘श्रीसयाजी बालज्ञानमाला’ या माला गुजराती आणि मराठीत निघाल्या. व्यायामावरचा मराठी ज्ञानकोश दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी इथेच, १९३६ पासून दहा खंडांत सिद्ध केला. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागात जमवलेल्या हस्तलिखितांतून ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ सुरू झाली. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ या मालेतून १९१६ मध्ये बाहेर आली. याच विभागातून १९२७ मध्ये प्राच्यविद्यामंदिर उभे राहिले, जिथे पुढे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती तयार झाली.

माझ्यासारख्या कार्यालयात काम करणाऱ्याला सर्वांत जवळचे वाटणारे पुस्तक म्हणजे १९३१ चे ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’. राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगालीत काय म्हणावे याचा हा कोश. आज फाइलवर टिपण लिहिताना गुजराती शब्द सापडला नाही की आपण इंग्रजी शब्द तसाच ठेवून पुढे जातो. नव्वद-पंचाण्णव वर्षांपूर्वी या शहरातल्या अधिकाऱ्यांनी त्याच शब्दासाठी सात भाषा धुंडाळल्या होत्या.

१९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली. १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्ष तर खुद्द महाराजच होते. २०१८ मध्ये पुन्हा संमेलन इथे आले, तेव्हा आपल्यापैकी अनेक जण मांडवात होते. तीन दिवस पुस्तकांच्या दुकानांवर झुंबड होती. पण संमेलन तीन दिवसांचे असते, ग्रंथालय वर्षभराचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. महाराजांच्या ग्रंथालय खात्याने बहुसंख्य रयतेची भाषा म्हणून गुजरातीला पहिले स्थान दिले, आणि ते योग्यच होते. मराठी पुस्तके आली ती मराठी वाचक ती मागत होते म्हणून. आज संस्थान नाही. १९४९ मध्ये ते मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० पासून आपण गुजरात राज्यात आहोत, आणि ग्रंथालय राज्य सरकारच्या ताब्यात आहे. सरकारी ग्रंथालयात कोणत्या भाषेची नवी पुस्तके घ्यायची हे शेवटी वाचकांच्या मागणीवर अवलंबून राहणार. मागणी नसेल तर जुनी पुस्तके टिकतील, पण नवी येणार नाहीत. कपाट हळूहळू वस्तुसंग्रहालय होईल. आपली मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलतात, आरत्या पाठ म्हणतात, पण मराठी पान वाचायला दिले की अडखळतात. बोललेली भाषा दोन पिढ्या टिकते, वाचलेली भाषा पुढे जाते. अमरेलीच्या शेतकऱ्याच्या मुलाबद्दल महाराजांपुढे जो प्रश्न होता, तोच आज आपल्या घरात आहे.

आपण काय करू शकतो?

यासाठी ठराव किंवा निवेदन लागत नाही. पहिली गोष्ट, प्रत्येक कुटुंबातल्या निदान एकाने मध्यवर्ती ग्रंथालयाचे सभासद व्हावे आणि मराठी पुस्तक मागून घ्यावे. दुसरी, सुट्टीच्या दिवशी मंडळाने मुलांना एकत्र तिथे न्यावे. काचेची जमीन पाहायला ती नक्की येतील, मग पुस्तकापाशीही थांबतील. तिसरी, जुनी पेटी पुन्हा काढावी. सभासदांनी आपापल्या कार्डावर दोन-दोन मराठी पुस्तके आणली तर समामध्ये वीस-पंचवीस पुस्तके सहज जमतात. ती महिनाभर आपल्यात फिरवावी, वेळेवर परत करावी आणि दुसरी आणावी. पेटी ठेवायला एखाद्याच्या घरातला कोपराही पुरतो. मी माझ्या घरातला द्यायला तयार आहे.

गणपती ही विद्येची देवता. दहा दिवस आपण तिच्यासाठी वर्गणी देतो, वेळ देतो, मांडव घालतो. जुन्या योजनेत तीन हिस्से होते. राज्याचा हिस्सा इमारत आणि पुस्तकांच्या रूपाने मांडवीत उभा आहे. स्थानिक संस्थेचा हिस्सा आपले मंडळ उचलू शकते. तिसरा हिस्सा लोकांचा होता आणि तोच आधी भरावा लागे. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत त्या मराठी पुस्तकांच्या चिठ्ठ्यांवर आपल्या समाच्या वाचकांचे चार-दोन ताजे शिक्के पडावेत, एवढीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.