सातवे छिद्र

मंडळाच्या गणेशोत्सवात बासरी वाजवू पाहणारे एखादे मूल दरवर्षी निघतेच, आणि त्याच्या पालकांचा प्रश्नही ठरलेला असतो: बासरी सहा छिद्रांची घ्यावी की सात? चंदीगढसारख्या परमुलखात हा प्रश्न विचारायचा कुणाला, म्हणून तो आमच्याकडे येतो. एके वर्षी आम्ही त्याचे उत्तर मोठ्या आत्मविश्वासाने दिले आणि तोंडघशी पडलो. ती हकीकत पुढे सांगूच. आधी या जादा छिद्राचा इतिहास पाहू.

पंजाबात आल्यावर येथील लोकगायकांच्या साथीला वाजणारा 'अलगोजा' ऐकून आपल्यापैकी अनेकांना गावची जत्रा आठवली असेल. ओठांत धरून सरळ फुंकायचे जे वाद्य आपण 'अलगूज' म्हणून मुलांना घेऊन देत असू, त्याचेच नाव हे. फरक इतकाच, की पंजाबी वादक दोन अलगूजे एकदम तोंडात धरतो. इंग्लंडात रॉबर्ट क्लार्क याने 1843 साली पत्र्याची करून विकावयास काढलेली सहा छिद्रांची शिटी हीदेखील याच कुळातली. या शिटीलाही काही कारागीर सातवे छिद्र पाडतात, कुणी अंगठ्यासाठी मागे, तर कुणी करंगळीसाठी खाली. म्हणजे सहा बोटांत न मावणाऱ्या स्वराची अडचण सर्वत्र सारखीच आहे.

आपल्या आडव्या बासरीत ती अडचण नेमकी कोठे आहे, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. वरची तीन छिद्रे झाकली की षड्ज बोलतो. खालची तीन क्रमाने झाकत गेले की मंद्र निषाद, धैवत आणि अखेर पंचम येतो. तेथे बासरीचा तळ लागतो. यमनात मंद्र पंचमाखाली तीव्र मध्यमाकडे उतरावयाचे झाल्यास वाटच नाही. याहून मोठी गैरसोय मध्य सप्तकात होते. तेथे तीव्र मध्यम सर्व छिद्रे उघडी ठेवून निघतो, तर लगतचा पंचम सर्व झाकून, फुंक वाढवून. दोन शेजारी स्वरांमध्ये सहाही बोटे एकदम उचलावी वा टेकवावी लागतात, आणि मींड तेथेच तुटते. गायकाचा गळा जेथून सहज घसरत जातो, तेथे बासरीवादकाला उडी मारावी लागते.

ही उडी ज्याला सलली तो वादक म्हणजे पन्नालाल घोष. जन्म 1911 चा, बारिसालचा. 1940 मध्ये ते मुंबईस आले आणि चित्रपटांच्या संगीतात रमले. 1942 च्या 'बसंत'चे संगीत त्यांच्या नावावर आहे. परंतु ध्यास एकच होता, की मेळ्यातली बासरी ख्यालगायनाच्या बरोबरीने बैठकीत बसावी. त्यासाठी त्यांनी धातूच्या नळ्याही वापरून पाहिल्या आणि अखेर सुमारे 32 इंच लांबीच्या बांबूवर स्थिर झाले. सातवे छिद्र बसविण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. ते सरळ रेषेत नसून किंचित बाजूला असते, कारण करंगळी आखूड. ते झाकले की मंद्र तीव्र मध्यम मिळतो; सातही झाकून फुंक वाढविली की तोच मध्य सप्तकात येतो, आणि मग केवळ करंगळी हलके उचलली की पंचम! सहा बोटांची उडी एका बोटाच्या सरकण्यावर आली. 1956 मध्ये ते आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक म्हणून दिल्लीस गेले व 1960 साली तेथेच निवर्तले. त्यांची वाट मात्र मुंबईत चालू राहिली. देवेंद्र मुर्डेश्वर हे त्यांचे शिष्यही आणि जामातही.

मग सर्वांनीच सात छिद्रे का स्वीकारली नाहीत? हरिप्रसाद चौरसिया यांनी सहा छिद्रांच्याच बासरीवर जगभर कीर्ती मिळविली, हे उत्तर पुरेसे बोलके आहे. हाताला सहा बोटांची मोकळीक राहते, द्रुत लयीत करंगळीचा ताण नसतो. आमच्या मते यात श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. विलंबित आलापात आम्हाला सात छिद्रांची बासरी अधिक भावते, ही केवळ आमची आवड.

आता ती हकीकत. एका सभासदांनी सुट्टीत महाराष्ट्रातून आपल्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी मध्यम आकाराची सात छिद्रांची बासरी हौसेने आणली. तिची करंगळी काही केल्या पोचेना. आम्ही ऐटीत सांगितले, 'त्यात काय, ते छिद्र मेणाने बुजवून टाका.' त्यांनी बुजविले. मुलगी सहा छिद्रे झाकून फुंकू लागली, तो पंचमाच्या जागी तीव्र मध्यम! तंबोऱ्याशी काही जुळेना. बिचारीला वाटले, आपल्यालाच सूर कळत नाही. ती रडली आणि महिनाभर तिने बासरीला हात लावला नाही. छिद्र बुजविल्याने नळी लांबल्यासारखी होते आणि स्वर उतरतो, एवढी साधी गोष्ट आमच्या ध्यानी आली नव्हती.

तेव्हा पालकांनी प्रथम शिक्षक ठरवावा, मग बासरी. येथे मिळणारा शिक्षक ज्या पद्धतीचा, तीच बासरी. पुण्या-मुंबईच्या दुकानातली सुबक दिसली म्हणून नव्हे. मैफलीतील 'पांढरी तीन'ची लांब बासरी लहान हातात देऊ नये. 'पांढरी सहा'ची आखूड घ्यावी. सात छिद्रांची घेतलीच तर सातवे उघडे ठेवून सहा झाकावीत व पंचम तंबोऱ्याशी ताडून पाहावा; मग सातवे झाकून मध्यम ऐकावा आणि फुंक वाढवून तोच वरच्या सप्तकात खरा उतरतो का, हे तपासावे. करंगळी पोचेपर्यंत ते छिद्र उघडेच राहू द्यावे. त्याने काहीही बिघडत नाही.

त्या मुलीच्या बासरीतले मेण आम्हीच सुई तापवून काढले. पंचम जागेवर आला. तिची करंगळी सातव्या छिद्रावर पोचायला त्यानंतर आणखी तीन वर्षे लागली.