हिराबाई पेडणेकर : पदे उरली, चाली हरवल्या

मराठी नाट्येतिहासात हिराबाई पेडणेकर (१८८५-१९५१) यांचे नाव बहुधा दोन संदर्भांत येते : एक स्त्री नाटककार म्हणून आणि दुसरे, ज्यांच्या घरी कोल्हटकर, देवल, गडकरी यांची ऊठबस होती त्या रसिक विदुषी म्हणून. वसंत कानेटकर यांच्या ‘कस्तुरीमृग’ या नाटकाने या दुसऱ्या प्रतिमेलाच अधिक उजाळा दिला. हिराबाई पदांना चालीही लावीत, ही बाब मात्र एखाद्या ओझरत्या वाक्यात संपते. प्रस्तुत लेखात त्या बाजूचा विचार केला आहे.

सावंतवाडीच्या नायकीण घराण्यात जन्मलेल्या हिराबाईंनी भास्करबुवा बखले यांच्याकडे गायनाचे शिक्षण घेतले. कुलीन स्त्रियांना जे गाणे निषिद्ध होते ते त्यांना जन्मानेच लाभले. प्रतिष्ठा मात्र त्याच जन्माने नाकारली. ‘जयद्रथ विडंबन’ (१९०४) नंतरचे त्यांचे ‘संगीत दामिनी’ हे नाटक १९१२ मध्ये केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्श मंडळीने रंगभूमीवर आणले.

‘शाकुंतल’ (१८८०)पासून नाटककारच बहुधा परिचित चालींवर पदे बेतीत असे. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि नाटककाराहून वेगळा संगीतकार ठळकपणे पुढे आला. हिराबाई या संधिकाळातल्या. छापील नाटकात पदाचे शब्द राहतात. वर राग, ताल किंवा मूळ चालीचा निर्देश असतो, सुरावट नसते. शिवाय मंडळीत स्त्रीपात्रे पुरुषच रंगवीत. त्यामुळे एका स्त्रीने रचलेली नायिकेची पदे पुरुषकंठातूनच प्रेक्षकांपर्यंत पोहोचली, हा विरोधाभास आपल्या समीक्षेने फारसा मनावर घेतलेला नाही.

येथे जर्मन संगीतकार फॅनी मेंडेल्सन (१८०५-१८४७) यांची तुलना उद्बोधक ठरते. त्यांची सहा गीते बंधू फेलिक्स यांच्या नावाने छापली गेली. परंतु स्वरलिपी शाबूत राहिल्याने विसाव्या शतकातील अभ्यासकांना त्यांचे श्रेय परत देता आले. तेथे नाव झाकले गेले, संगीत उरले. हिराबाईंचे नाव मुखपृष्ठावर छापले गेले, पण संगीताला कागदच मिळाला नाही.

पुढे मुंबई सोडून त्या गुहागर तालुक्यातील पालशेत येथे स्थायिक झाल्या व तेथेच निवर्तल्या. त्यांच्या पदांवरील निर्देश आणि तत्कालीन नाट्यगीतांच्या ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून अभ्यासणे एकट्या इतिहास किंवा मराठी विभागाला साधणारे नाही. तेथे संगीत विभागातील सहकाऱ्यांचा कान हवा.